पडद्याच्या अलीकडे

ऑक्टोबर लागला की आमच्या हडपसरच्या सोसायटीच्या फाटकाशेजारची सप्तपर्णी फुलते आणि संध्याकाळी पाच-साडेपाचपासून तिचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत चढत येतो. पुष्कळांना तो आवडतो. मला तो पहिल्यापासून संशयास्पद वाटत आला आहे. फूल म्हणावं असं काही दिसत नाही, पानांच्या आड हिरवट-पांढरे झुबके असतात नुसते, आणि वास मात्र घरभर. जी गोष्ट कुठून येते ते बोट ठेवून दाखवता येत नाही, तिच्यावर माझा विश्वास बसत नाही. याला स्वभाव कारण आहे आणि पोटापाण्याचा धंदाही. एकवीस वर्षं मी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. समोर आलेला प्रत्येक भाग बिघडलेलाच आहे असं धरून मी तो उचलते. तो चांगला असेल तर ते त्यानं गेजमधून, म्हणजे मापाच्या साच्यातून, पार होऊन मला दाखवावं. अविनाश, म्हणजे माझा नवरा, म्हणतो की लग्नाआधी तू मलाही असंच उचलून पाहिलं होतंस. पाहिलं होतं, त्यात काय.

यंदा सप्तपर्णी जरा लवकरच फुलली. परतीचा पाऊस एकदा येऊन गेला, दुपारचं ऊन पुन्हा भाजायला लागलं, समोरच्या इमारतीत दिवाळीची साफसफाई म्हणून गाद्या कठड्यावर आल्या. खिडकी लावून घेतली तरी वास आत येतोच, आणि त्याच्या पाठोपाठ तीन वर्षांपूर्वीचा तो ऑक्टोबर येतो. त्या महिन्यात मला बोलायची बंदी होती आणि दर रविवारी मी एका लाकडी पडद्याकडे टक लावून बसत होते.

पडदा माझाच. कसबा पेठेतल्या एका सुताराकडून मुद्दाम करून घेतलेला, हातभर उंच, तीन घड्यांचा, बिजागऱ्यांचा. माप सांगितलं तेव्हा सुतारानं विचारलं होतं, देवघरासाठी का? मी म्हटलं, खेळासाठी. त्यानं माझ्या पिकायला लागलेल्या केसांकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. पेठेतली माणसं कमी बोलून पुष्कळ सांगतात.

खेळ असा. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण गोष्ट चालवतो. म्हणजे गाव त्याचं, जंगल त्याचं, दाराआडचा राक्षसही त्याचाच. बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक माणूस होतात आणि आपण काय करतो ते सांगतात. मी भिंत चढते, मी पहारेकऱ्याशी गोड बोलतो, असं. जमेल की नाही याची शंका असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा मोठा आला तर जमलं. राक्षसाच्या वतीनं फासा टाकतो तो खेळ चालवणारा, आणि तो टाकतो पडद्याआड. इतरांना नुसता खडखडाट ऐकू येतो. आकडा तो सांगेल तो.

सात वर्षं तो आकडा मी सांगितला. रविवारी दुपारी तीन ते सहा, आमच्याच घरी. नचिकेत यवतमाळकडचा, शिकायला पुण्यात आला आणि संगणकाच्या नोकरीत इथलाच झाला. प्राची एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ. आणि येरवड्याहून बस बदलून येणारे कांबळे काका. काका सरकारी कचेरीत आवक-जावक विभागातून निवृत्त झालेले. त्यांचा मुलगा आमच्यात खेळायचा, तो परदेशी गेल्यावर त्याच्या घरी राहिलेली फाशांची डबी परत द्यायला म्हणून काका एका रविवारी आले, विहारातून थेट, पांढऱ्या शर्टात. चहा होईपर्यंत बसले. सहा वाजता उठताना म्हणाले की पुढच्या रविवारी आलो तर चालेल का.

आम्ही सगळे खेळायला जमायचो, काका हजर व्हायचे. तीनला पाच कमी असताना बेल वाजली की ते. येताना जाड पुठ्ठ्याची वही आणायचे आणि तिच्यात पट्टीनं रकाने आखलेले असायचे. तारीख, कोण, कशासाठी, फाशावर काय, निकाल, शेरा. सर्वांत शेवटी एक अरुंद रकाना : तपासले. प्रत्येक फेकीची नोंद. निळ्या शाईत, सुवाच्य. खेळ संपला की वही माझ्याकडे सरकवून म्हणायचे, ताई, एकदा नजर टाकून सही करत चला. मला हसू यायचं. आठवडाभर तेच करते, रविवारी तरी सोडा, असं म्हणून मी वही परत सरकवायची. तो रकाना कोराच राहत गेला.

काकांना हा खेळ का आवडतो ते त्यांनी एकदाच सांगितलं होतं. बत्तीस वर्षं कचेरीत काढली, म्हणाले, कागद कोणाचा आहे ते पाहून कागद पुढे सरकायचा. फाशाला आडनाव विचारता येत नाही. एवढंच बोलून त्यांनी बशीतली चकली उचलली.

आता माझी कबुली. पडद्याआड मी खोटं बोलत होते. रोज नाही, सरसकट नाही, पण बोलत होते. जो माणूस त्या दिवशी दमून, खचून आलाय त्याच्या अंगावर राक्षसाचा एकोणीस पडला की मी सहा म्हणायची. नचिकेतचे वडील गेले त्या महिन्यात तो गावाहून परतला आणि दुसऱ्याच रविवारी खेळायला आला. त्याच्या शूर सरदाराला लाकडी पुलावरून पळायचं होतं आणि पुलाखाली धनुर्धारी होते. फासा टाकला. एकोणीस. मी त्याच्याकडे पाहिलं. डोक्यावरचे केस नुकते कुठे उगवायला लागलेले. मी म्हटलं, चार. सरदार पूल पार झाला. नचिकेतनं दोन्ही हात वर केले, आणि त्या महिन्यात तो पहिल्यांदा हसला असावा. पुढे कितीतरी वर्षं तो नव्या माणसाला हीच गोष्ट सांगायचा. काय झालं माहितीय का, म्हणायचा, फक्त चार पडले, चार. मी चहा गाळत ऐकायची.

याला मी माया समजत होते. अजूनही थोडीफार समजते. खेळ चालवणाऱ्याला भीती वाटत नाही, कारण दाराआड काय आहे हे त्याला ठाऊक असतं. त्याला वाटते ती काळजी. समोरच्या चेहऱ्यांवर आपण भीती चढवतो आणि आपणच ती उतरवतो, आणि हे सगळं करत असताना आपण त्यांच्यातले नसतो. कधी कधी त्या टेबलाशी मला फार एकटं वाटायचं. पण आकडा आपल्या हातात आहे हे सुख काही वेगळंच होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही.

त्या सप्टेंबरमध्ये माझा आवाज बसला तो उठेचना. कारखान्यातल्या यंत्रांवरून ओरडणं आणि रविवारी राक्षसांचे आवाज काढणं, दोन्ही भोवलं. डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं आणि स्वरयंत्रावर गाठ आहे म्हणाले. काढली. गाठ तपासायला पाठवली. दोन आठवडे अवाक्षर काढायचं नाही, कुजबुजायचंही नाही, आणि त्यानंतर बेतानं. अविनाशनं मला पाटी आणि पेन्सिल आणून दिली. दुकानदारानं त्याला मुलगा कितवीत आहे असं विचारलं म्हणे.

मुक्या माणसाला खेळ कसा चालवता येणार? रविवार बंद पडणार असं दिसलं तेव्हा काका म्हणाले की प्रभारी म्हणून मी चालवतो. मग त्यांनी एक प्रश्न विचारला, जो मला तेव्हा साधा वाटला : पडदा ठेवायचा की काढायचा? मी पाटीवर लिहिलं, ठेवा. पद्धत आहे. काकांनी मान हलवली आणि माझ्या जागेवर बसले. मी सात वर्षांत पहिल्यांदा पडद्याच्या अलीकडे आले. इकडून तो फार उंच दिसतो.

काकांनी उभं केलेलं जग मला आजही स्वच्छ दिसतं. सात घाटांचं एक गाव, नदी रुंद आणि गढूळ. त्या नदीत एक म्हातारी मगर आणि तिनं कधीकाळी देवळाची घंटा गिळलेली, त्यामुळे ती येण्याआधी पाण्याखालून घंटा ऐकू यायची. काका ते सांगताना टेबलावरच्या पितळी वाटीला चमच्यानं हळूच टोला द्यायचे. माझं पात्रही त्यांनीच सुचवलं. येसू नावाची नावाडीण. मुकी. म्हणाले, ताई, तुम्ही पाटीवर लिहा, तीही पाटीवर लिहील.

पहिल्या रविवारी मी घाबरले. खरोखर घाबरले. वाटीवर टोला पडला आणि माझ्या मानेवर काटा आला. दाराआड काय आहे ते मला ठाऊक नव्हतं! एवढी वर्षं मी लोकांना जे वाढत होते त्याची चव मी कधी घेतलीच नव्हती. त्या दिवशी मगरीनं येसूवर तीनदा झडप घातली आणि तिन्ही वेळा पडद्याआडून काकांचा शांत आवाज आला : चुकली. नचिकेत म्हणाला, काय लक आहे यार ताई तुझं. मी पाटीवर हसरा चेहरा काढला.

दुसऱ्या रविवारीही तेच. घाटावरचे चोर, त्यांच्या कट्यारी, सगळ्यांना थोडंथोडं लागलं. येसूला ओरखडा नाही.

त्या आठवड्यात गाठीचा अहवाल आला. अविनाश ऑफिसातून येताना घेऊन आला आणि दारातूनच म्हणाला की काही नाही, साधी गाठ होती. मी हात पुढे केला. कागद वाचला. मजकूर ठीक होता. पण कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलं होतं, पान एक, एकूण दोन. मी त्या अक्षरांवर बोट ठेवून अविनाशकडे पाहिलं. तो म्हणाला, एकच पान दिलं त्यांनी, दुसऱ्यावर काही नसेल. मी पाटीवर लिहिलं : नसेल तर छापलं कशाला? तो वैतागला. मी डॉक्टरांना मेसेज केला. त्यांचं उत्तर आलं, सगळं ठीक आहे, आणि पुढे एक अंगठा. डॉक्टर आणि अविनाश एकमेकांशी बोललेत हे मला ठाऊक होतं. मोबाइलवरच्या अंगठ्यावर माझा तसाही विश्वास नाही.

तिथून पाणी मुरायला लागलं. बोलता येत नसलं की माणूस ऐकतो जास्त आणि पाहतो त्याहून जास्त. अविनाश दूध स्वतः तापवायला लागला होता. बहिणीचा फोन एरवी महिन्यातून एकदा यायचा, तो दर दोन दिवसांनी यायला लागला, आणि मला बोलता येत नाही हे माहीत असून. प्राची माझी थट्टा करायची, ती तिनं थांबवली. प्राची लॅबमध्ये काम करते. ती लॅब वेगळी, पण या लोकांच्या एकमेकांत ओळखी असतात. तिसऱ्या रविवारी जाताना तिनं मला मिठी मारली. सात वर्षांत तिनं कधी मिठी मारली नव्हती.

आणि फासा. तिसऱ्या रविवारी मगरीची शेपटी नचिकेतला लागली, प्राचीला लागली, येसूच्या डोक्यावरून गेली. मी कॅलेंडरच्या पाठीमागे दोन रकाने आखले, एकात माझ्यावर झालेले हल्ले, दुसऱ्यात त्या दोघांवरचे. आठवून आठवून रेघा मारल्या. त्या दोघांना निम्म्याहून जास्त वेळा लागलं होतं. मला एकदाही नाही. कारखान्यात अशी आकडेवारी समोर आली की आम्ही माल चांगला आहे असं म्हणत नाही. आम्ही म्हणतो, मोजणारा खोटं लिहितोय.

तरी आधी मी फाशावर संशय घेतला, माणसावर नंतर. डबी आमच्याकडेच असायची. सोमवारी अविनाश कामावर गेल्यावर काका पडद्याआड टाकायचे तो हिरवा फासा काढला, काचेच्या उंच ग्लासात पाणी घेतलं आणि मीठ घालत गेले, फासा तरंगेपर्यंत. निम्मी पिशवी मीठ गेलं. फासा एका बाजूनं जड असेल तर तरंगताना तीच तीच बाजू वर येते. मी चमच्यानं त्याला बुडवत राहिले, वर आलेला आकडा लिहीत राहिले. पन्नासदा. सगळे आकडे येत होते, कोणाचा लाड नव्हता. अविनाश काहीतरी विसरला म्हणून परत आला तेव्हा मी ओट्याशी उभी राहून मिठाच्या पाण्यात फासा बुडवत होते. त्यानं काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं. त्याचं न विचारणंही मी लिहून ठेवल्यासारखं लक्षात ठेवलं.

फासा निर्दोष होता. म्हणजे उरले काका.

तेव्हा माझ्या मनात काय चाललं होतं ते सरळ सांगते. मला मरायची भीती वाटत होती. आणि मला वाटत होतं की सगळ्यांना कळलंय, मला सोडून. पडद्याआड बसणारा माणूस फासा कधी फिरवतो हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? समोरच्याला सोसणार नाही असं वाटतं तेव्हा. नचिकेतचं डोकं पाहून मी चार म्हटलं होतं. आता माझ्याकडे पाहून काका चुकली म्हणत होते. गेज तेच होतं आणि मापही तेच. येसू वाचत होती याचा अर्थ मी वाचणार नव्हते. इतका सरळ हिशेब मला दुसरा कुठलाच दिसेना.

या विचाराची आणखी एक बाजू होती, ती मला फार उशिरा दिसली. ज्यानं एकदा पडद्याआड बसून आकडे फिरवले, त्याच्या वाट्याला पुन्हा साधं नशीब म्हणून काही येत नाही. चांगलं काही घडलं की तो विचारतो, कोणी घडवलं? अहवाल ठीक आला, डॉक्टर ठीक म्हणाले, फासा माझ्या बाजूनं पडला, आणि मला सगळीकडे मीच बसलेली दिसत होते, मायेनं खोटं बोलत. दुसऱ्यांवर संशय घेतेय असं मला वाटत होतं, प्रत्यक्षात मी मलाच ओळखत होते.

चौथ्या रविवारी मी येसूला मुद्दाम मूर्खपणा करायला लावला. एकटी पाण्यात उतरली, हातात वल्हं नाही. नचिकेत नको नको म्हणत राहिला. वाटीवर टोला पडला. पडद्याआड खडखड झाली. काका क्षणभर थांबले. मग म्हणाले, चुकली. मी पाटी टेबलावर आपटली. तिचा एक कोपरा उडाला. प्राचीनं विचारलं की काय झालं. एव्हाना मला थोडं बोलायची परवानगी होती, तरी मी लिहिलं : काही नाही, नशीब. आणि पाटी काकांकडे वळवून धरली. काकांनी ते वाचलं, चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला. मग वहीत नोंद केली. ते घरी जायला निघाले तेव्हा सप्तपर्णीचा वास जिन्यात भरला होता, आणि नेहमी दारातच निरोप घेणारे काका दोन पायऱ्या उतरून थांबले, माझ्याकडे वळून पाहिलं आणि गेले.

पाचवा रविवार दिवाळीच्या अलीकडचा. खालच्या मजल्यावर चिवड्याची फोडणी पडत होती, कोणीतरी आकाशकंदिलाची वायर बाल्कनीतून खाली सोडत होतं. गोष्टीत गावकऱ्यांना पलीकडे न्यायचं होतं. येसू दोर धरून कमरेइतक्या पाण्यात उभी होती, तिनं दोर सोडला तर नाव जाणार. वाटीवर टोला पडला. पुन्हा पडला. काकांनी फासा टाकला, पडद्याआड पाहिलं आणि म्हणाले :

"सतरा."

काकांनी त्याच आवाजात सांगितलं की मगरीनं येसूला कमरेत धरलं, येसूनं दोराचं टोक खांबाला गुंडाळलं आणि मगच ती पाण्याखाली गेली. घंटेचा आवाज लांब लांब जात राहिला. नाव पार झाली. येसू गेली.

नचिकेत उसळला. काका, एक चान्स द्या ना, म्हणाला, ताईची तब्येत बघा, आत्ता कुठे बरी होतेय. प्राचीचे डोळे भरले होते. काका म्हणाले, "फासा पडला आहे. त्याला मी काय करणार?"

आणि मी हसले. मोठ्यानं. पाच आठवड्यांनी माझ्या गळ्यातून निघालेला तो पहिला धड आवाज, गंजलेल्या दाराच्या कडीसारखा. हसता हसता मला रडू आलं ते थांबेना. सगळे घाबरून माझ्याकडे पाहत होते. त्यांना वाटलं येसूसाठी. मला एवढंच कळत होतं की मरणाऱ्या बाईला कोणी असं मारत नाही. दया करणारा माणूस सतरा म्हणत नाही. म्हणजे काकांना काही ठाऊक नव्हतं, म्हणजे ठाऊक करून घेण्यासारखं काही नव्हतंच. अहवाल खरा होता. अंगठासुद्धा खरा होता. संध्याकाळी मी अविनाशला म्हटलं, आज मी मेले. तो म्हणाला, अभिनंदन, आणि ताट वाढलं. मी चार पोळ्या खाल्ल्या.

अहवालाचं दुसरं पान डिसेंबरात अविनाशच्या स्कूटरच्या डिकीत सापडलं. त्यावर लॅबच्या वेळा होत्या आणि रविवारी येऊन उगाच चौकशी करू नये अशी सूचना.

माझा आवाज परत आला तो जरा खरखरीत, राक्षसांना शोभेल असा, पण फार वेळ टिकत नाही. त्यामुळे काकांचं प्रभारीपण चालूच राहिलं. तीन वर्षं मी अलीकडेच बसले. नवी पात्रं केली, त्यांतली दोन मेली. पडद्याआडून आलेला प्रत्येक आकडा मी निमूट मान्य केला. एखाद्या माणसाच्या शब्दावर तपासल्याशिवाय इतका विश्वास मी आयुष्यात ठेवला नव्हता, आणि त्याचा आनंद काय असतो ते मला चाळिशी उलटल्यावर कळलं.

या महिन्याच्या सुरुवातीला काका नागपूरला मुलीकडे कायमचे राहायला गेले. जाण्याआधीच्या रविवारी त्यांनी रीतसर चार्ज दिला. यादी टाइप करून आणली होती : लाकडी पडदा एक, फासे अकरा, पितळी वाटी एक, नोंदवह्या चार. मी यादीवर सही केली. त्यांनी एक प्रत स्वतःकडे ठेवली.

वह्या मी उघडल्या त्या खरं तर येसूला पुन्हा भेटायला. तीन वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर काढला. पहिला रविवार : मगर, येसूवर, फाशावर तीन, चुकली. फाशावर आठ, चुकली. फाशावर दोन. दुसरा रविवार, तिसरा रविवार, सगळे छोटे आकडे, निळ्या शाईत. चौथा रविवार, माझा तो मूर्खपणा : फाशावर एक. अख्खा महिना नशीब खरोखर माझ्या बाजूनं होतं. नुसतं नशीब, कोणी घडवलेलं नाही. मी वाचत गेले आणि मला लाजही वाटली आणि बरंही वाटलं.

पाचव्या रविवारची शेवटची ओळ लाल शाईत होती.

मगर, येसूवर. फाशावर सात. जाहीर केले सतरा. निकाल बदलला. आणि शेऱ्याच्या रकान्यात, तितक्याच सुवाच्य अक्षरात : ताईंचा फाशावर विश्वास राहिलेला नाही, सबब. यापुढे असे होणार नाही.

चारही वह्या मी उलटून पाहिल्या. दुसरी लाल ओळ नाही. सगळ्या महिन्यात मी ज्या एकाच आकड्यावर विश्वास ठेवला, तेवढाच खोटा होता. आधी राग आला. येसू जगली असती, खांबाला दोर बांधून वर आली असती. मग काकांचं फाशाबद्दलचं ते एकमेव वाक्य आठवलं आणि हे लाल अक्षर त्यांना किती जड गेलं असेल ते कळलं. मी कितीदा आकडे फिरवले त्याची एकही ओळ कुठे नाही. त्यांनी एकदा फिरवला आणि शाई बदलून लिहून ठेवला.

फोन लावला. पलीकडे नातवाचा गोंगाट होता. मी म्हटलं, काका, लाल शाई सापडली. मी विचारलं की तीन वर्षं मला सांगितलं का नाहीत.

"वही दर रविवारी टेबलावर उघडी असायची, ताई," ते म्हणाले. "मी वाट बघत होतो. तपासणी तुमच्याकडे होती."

त्या ओळीसमोरच्या अरुंद रकान्यात मी सही केली. तेवढ्याच एका. मग वहीचं नवं पान उघडलं, लाल पेन शोधला आणि पट्टीनं रेघ मारून लिहिलं : धनुर्धारी, नचिकेतच्या सरदारावर, लाकडी पूल. फाशावर एकोणीस. जाहीर केले चार. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, त्याचे वडील गेले होते.

काल रविवार होता. वही टेबलावर उघडी ठेवली, नचिकेतच्या खुर्चीसमोरच, आणि मी चहा टाकायला आत गेले. प्राची तिच्या लॅबमधल्या एका मैत्रिणीला पहिल्यांदाच घेऊन आली होती. मी ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा वहीवर नचिकेतची पाण्याची बाटली ठेवलेली होती आणि वही मी ठेवली होती तिथून बोटभर सरकलेली होती. सप्तपर्णीचा वास आत यायला लागला होता. नचिकेत त्या मुलीला पुलाची गोष्ट सांगत होता, नेहमीच्याच उत्साहानं, धनुर्धाऱ्यांचे हावभाव करून. मी कप ठेवत होते.

"आणि पडले किती, माहितीय का? फक्त चार," तो म्हणाला. मग त्यानं माझ्या हातातला कप घेतला आणि म्हणाला, "असं ताई म्हणाली."